चित्र शेवटी बघा: प्राणी-पक्ष्यांची पुस्तकं वाचायची रीत

पक्ष्यांच्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात पिंगळ्यांचं एक पान असतं. तपकिरी अंगाचे, गोल डोक्याचे, पिवळ्या डोळ्यांचे तीन-चार पक्षी ओळीने बसलेले. शहाद्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी सागाच्या वाळक्या फांदीवर असाच एखादा पक्षी दिसला की बहुतेक जण पुस्तक काढतात, चित्रांवरून बोट फिरवतात आणि त्यातल्या त्यात जुळणारं चित्र पक्कं करतात. बोट हटकून सर्वांत दुर्मिळ पक्ष्यावर थांबतं. समोरच्या पानावरचा मजकूर वाचायचा राहून जातो.

घोटाळा इथेच होतो. भारतात तेराशेच्या वर जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. त्यांतून पाच-सहा उमेदवारांपर्यंत येण्याचं काम नकाशा, महिना आणि अधिवास या तीन गोष्टी करतात. चित्राचा उपयोग त्या पाच-सहांतून एक निवडताना. उलट क्रमाने गेलं की हिमालयातला पक्षी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात 'दिसतो' आणि बघणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

नकाशा, महिना, रान

खिशात मावेल अशा पुस्तकात देशाचा नकाशा जेमतेम 3 सेंटिमीटर रुंद असतो. भारत पूर्व-पश्चिम सुमारे 2,900 किलोमीटर, म्हणजे नकाशावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ 100 किलोमीटर होतो. नवापूरपासून रावेर-मुक्ताईनगरपर्यंतचा अख्खा खानदेश त्यात अडीच मिलिमीटरमध्ये बसतो. तोरणमाळचं हजार मीटरहून उंच पठार, तापीकाठची केळी-कापसाची काळी जमीन, साक्री-धुळ्याकडची कोरडी माळरानं आणि पाटणादेवीचं जंगल, सगळं त्या अडीच मिलिमीटरात. छपाईत रंग अर्धा मिलिमीटर सरकला तर पक्षी 50 किलोमीटर सरकला.

म्हणून नकाशाकडून 'माझ्या गावात आहे का' याचं उत्तर मागू नये. हा पक्षी आपल्या टापूच्या आसपास अपेक्षित आहे का आणि कुठल्या रंगात, एवढंच विचारावं. रंगांचे अर्थ प्रत्येक पुस्तकात वेगळे असतात. एका पुस्तकात हिरवा म्हणजे कायमचा रहिवासी, दुसऱ्यात निळा. पहिल्या पानांवरची रंगसूची न वाचता नकाशा बघणारे हिवाळी पाहुण्याला बारमाही करून टाकतात. रंगाच्या बाहेर एखादा सुटा ठिपका किंवा फुली असेल तर तिथे तो पक्षी फार तर एक-दोनदा भरकटून आला होता.

मग महिना. हतनूर धरणाच्या पाणफुगवट्यावर, म्हणजे तापी आणि पूर्णा जिथे मिळतात त्या भागात, डिसेंबरात थापट्या आणि तलवार बदकं दिसली तर पुस्तकाशी ताळा जुळतो. मे महिन्यात तसंच बदक दिसलं तर आधी स्थानिक बदकांची पानं चाळावीत. जखमी होऊन मागे राहिलेल्या पाहुण्याचा विचार त्यानंतर. मात्र 'हिवाळी पाहुणा' हे शब्द ताणून वापरलेले असतात. भोरड्या, म्हणजे पळसमैना, पुस्तकात हिवाळी पाहुण्यांतच मोडतात, पण मध्य आशियातून त्या जुलैअखेरीस-ऑगस्टात यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत थांबतात. ज्वारीच्या कणसांवर आणि पुढे पळस-सावरीच्या फुलांवर त्यांचे थवे दिसतात. पाऊस चालू असताना दिसल्या म्हणून त्या भोरड्या नव्हेत, असा निष्कर्ष काढला तर पुस्तकातला शब्द जरा जास्तच काटेकोर वाचला म्हणायचं.

अधिवासाची ओळ सर्वांत छोटी असते आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. 'शुष्क पानझडी जंगल' असं लिहिलेलं असेल तर खानदेशात त्याचा अर्थ साग, अंजन, धावडा, सालईचं रान, म्हणजे यावल अभयारण्य, तोरणमाळ, अक्कलकुव्याकडचे डोंगर. 'काटेरी झुडपी रान' म्हणजे बोर, बाभूळ, हिवर असलेला माळ. केळीची बाग या दोन्हींत बसत नाही. तिथे सावली असते, ओलावा असतो, पण ढोली असलेली जुनी झाडं नसतात. ढोलीत घरटं करणारा पक्षी बागेत दिसला तरी तो वस्तीला बांधावरच्या एखाद्या जुन्या आंब्यात किंवा कडुनिंबात असतो.

आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'सामान्य'. योग्य अधिवासात, योग्य हंगामात, योग्य वेळी गेलात तर भेट होण्याची शक्यता चांगली आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'स्थानिक पातळीवर सामान्य' याचा अर्थ याहून अवघड: काही मोजक्या जागी भरपूर आणि मधल्या शंभर किलोमीटरात एकही नाही.

आकार म्हणजे किती

पुस्तकात 'लांबी 21 सेंमी' असं दिलेलं असतं. ही लांबी मेलेला पक्षी पाठीवर सरळ ठेवून चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. फांदीवर मान आखडून बसलेला पक्षी कधीच तेवढा दिसत नाही. शिवाय शेपटी लांब असली की आकडा फुगतो. भारद्वाज 48 सेंमी आणि कावळा 43 सेंमी, पण भारद्वाजाचं अंग कावळ्यापेक्षा मोठं भासत नाही. फरक सगळा शेपटीत जातो.

म्हणून आपल्याकडच्या पुस्तकांत ओळखीच्या पक्ष्यांची पट्टी वापरायची पद्धत पडली, आणि ती सेंटिमीटरपेक्षा कामाची आहे. चिमणी 15, बुलबुल 20, साळुंकी 23, पारवा 33, कावळा 43, घार 61. 'साळुंकीएवढा, किंचित लहान' असं मनात धरलं की अंदाज फार चुकत नाही. एकट्या पक्ष्याचा आकार मात्र कोऱ्या आभाळात कधीही ठरवू नये. जवळ ओळखीचा पक्षी, विजेची तार किंवा सागाचं पान असेल तरच तुलना होते.

चित्रांच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवावा. एका पानावरचे पक्षी साधारण एकाच प्रमाणात काढलेले असतात, पण पान उलटलं की प्रमाण बदलतं. त्यातही चित्र बहुधा प्रौढ नराचं, विणीच्या हंगामातलं, नव्या पिसांतलं असतं. ऑक्टोबरातल्या अर्धवट पिसं बदललेल्या पिल्लाचं चित्र पुस्तकात असेलच असं नाही, आणि वावरात नेमका तोच समोर असतो.

पावशा हे याचं चांगलं उदाहरण. उन्हाळ्याच्या अखेरीस 'पेरते व्हा' अशी त्याची हाक सुरू झाली की बघायचीही गरज नसते. बाकीच्या महिन्यांत तो गप्प असतो, आणि राखाडी पाठ, पट्टेरी शेपटी, झपकन उडण्याची ढब बघून लोक त्याला शिक्रा समजतात. रंगावर भांडत बसण्यापेक्षा चोच बघावी. शिक्र्याची आखूड आणि मुळापासून वाकलेली, पावशाची सरळसर. फांदीवर उतरल्यावर शिक्रा ताठ बसतो. पावशा पंख सैल सोडून, शेपटी हलवत बसतो.

तीन पिंगळे

आता सुरुवातीच्या पानाकडे येऊ. खानदेशात गोंधळाचे पिंगळे तीन: साधा ठिपकेदार पिंगळा, जंगली पिंगळा आणि वनपिंगळा. लांबी अनुक्रमे 21, 20 आणि 23 सेंमी. वीस मीटरवरून दोन-तीन सेंटिमीटरचा फरक कोणाच्याही डोळ्याला कळत नाही, तेव्हा आकार बाद.

पहिल्यांदा डोकं बघायचं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर स्पष्ट पांढरे ठिपके असतात, भुवया ठळक. जंगली पिंगळ्याचं डोकं, पाठ, छाती सगळीकडे बारीक आडव्या रेघा दाट भरलेल्या. वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, राखाडी-तपकिरी, ठिपके असले तर अगदी पुसट. मग खालची बाजू. वनपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा असतो आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, नख्या आणि चोच अंगाच्या मानाने दणकट.

वागणुकीची ओळ इथे चित्राइतकीच महत्त्वाची. वनपिंगळा दिवसाढवळ्या शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो आणि शेपटी बाजूला झटकतो. पण 'दिवसा दिसला म्हणून वनपिंगळा' हा तर्क चालत नाही. साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो आणि जंगली पिंगळाही सकाळी-संध्याकाळी उजेडात फिरतो. वागणूक हा पुरावा जोडीचा, एकट्याने पुरणारा नाही.

गफलत होते ती बहुधा प्रकाशामुळे. पाठीमागून ऊन असेल तर साध्या पिंगळ्याचे डोक्यावरचे ठिपके दिसतच नाहीत आणि तो एकरंगी वाटतो. अशा वेळी जागा बदलून ऊन आपल्या पाठीशी घ्यावं आणि पोट दिसेपर्यंत थांबावं. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला पुढे बोलवू नये. विणीच्या काळात तो अंडी-पिल्लं सोडून प्रतिस्पर्ध्याच्या शोधात भटकतो, आणि तेवढ्यात घरटं उघडं पडतं.

पायाला बांधलेली चिठ्ठी

पुस्तकातली 'आढळ: सातपुडा, मध्य भारत' ही ओळ येते कुठून? जुन्या काळी तिचं मूळ संग्रहालयातल्या कातड्यात असे. पक्षी मारून, कातडं सोलून, आत कापूस भरून, पोटाची शिवण घालून नमुना तयार करत आणि त्याच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नर की मादी. कातड्यावरून जात कळते, पण जागा आणि तारीख सांगायला चिठ्ठीशिवाय काहीच नसतं. चिठ्ठी खोटी निघाली की नकाशा खोटा होतो, आणि त्या नकाशावर विसंबलेली पुढची सगळी पुस्तकंही.

हे प्रत्यक्षात घडलं, आणि त्यात खानदेश मध्यभागी आहे. 1872 च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक वनपिंगळा मिळवला. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1873 साली त्याचं वर्णन केलं आणि ब्लेविटचं नाव त्याला दिलं. पुढे 1880 च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत जेम्स डेव्हिडसन हे मुलकी सेवेतले अधिकारी पश्चिम खानदेशात होते. शहादा-तळोद्याच्या बाजूला त्यांनी याच जातीचे आणखी नमुने मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यांची यादी ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली गेली. वनपिंगळ्याची शेवटची खरी नोंद 1884 ची. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून नमुने सात.

त्या सातांतला एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 1914, मांडवी, म्हणजे गुजरातेतलं तापीकाठचं गाव. त्यामुळे पुस्तकांत 'शेवटची नोंद 1914, मांडवी' असं छापलं जाऊ लागलं आणि शोधणाऱ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासोबत हे नमुने तपासले. प्रत्येक कातडं भरणाऱ्याची हातोटी वेगळी असते: कापूस कुठे किती, शिवण कशी, पंख कसे दाबलेले. मांडवीच्या पक्ष्याचं कातडं एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं, आणि आतल्या जुन्या कामाच्या खुणा डेव्हिडसन यांच्या पद्धतीशी जुळत होत्या. म्हणजे तो खानदेशातलाच पक्षी होता. लंडनच्या संग्रहातून उचलून, नवी चिठ्ठी बांधून तो स्वतःचा म्हणून ठेवलेला. हा अभ्यास छापून आला 1999 साली, पण त्याचा निष्कर्ष त्याआधीच हाती होता.

1914 ची नोंद बाद केली की उरतात त्या खऱ्या जागा, आणि त्यांत शहादा-तळोदा ठळक. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोधून रिकाम्या हाताने परतले होते. मग ते शहाद्याला आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत त्यांना वनपिंगळा दिसला. खऱ्या नोंदींमधलं अंतर 113 वर्षांचं. पुढच्या सर्वेक्षणांत तो तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातलं खकनार आणि नंतर पालघर, डांग इथेही सापडला.

वाचणाऱ्याने यातून पुस्तकाची छपाईची साल बघायला शिकावं. 1997 पूर्वीच्या पुस्तकात हा पक्षी 'बहुधा नामशेष' असा असेल. 2018 पूर्वीच्या पुस्तकात आंतरराष्ट्रीय लाल यादीतला त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' असेल; त्या वर्षापासून तो एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' झाला. संख्या वाढली म्हणून हे झालं असं समजू नये. आणखी जागी सापडल्यामुळे अंदाज बदलला. रासमुसेन यांच्या कामातून 2005 साली दक्षिण आशियाच्या पक्ष्यांवर दोन खंडांचा ग्रंथ निघाला, त्यात माइनर्ट्झहागेन यांच्या एकट्याच्या नोंदींवर उभे असलेले पक्षी गाळलेले आहेत. जुन्या पुस्तकात आहे आणि नव्यात नाही, असा पक्षी दिसला तर ती नेहमीच छपाईची चूक नसते.

नावापुढचा कंस

शास्त्रीय नावापुढे माणसाचं नाव आणि साल येतं, कधी कंसात, कधी कंसाशिवाय. हा सजावटीचा भाग नाही. ज्या प्रजातीत, म्हणजे ज्या पहिल्या नावाखाली, मूळ वर्णन झालं तेच नाव आजही चालू असेल तर कंस नसतो. जात दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली असेल तर वर्णनकर्ता कंसात जातो. ह्यूम यांनी वनपिंगळ्याला 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' म्हटलं, म्हणून जुन्या पुस्तकांत 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी ह्यूम, 1873' असं दिसतं. पुढे जनुकीय अभ्यासांत तो साध्या पिंगळ्याच्या जवळचा ठरला आणि बहुतेक याद्यांत आज 'अथेनी ब्लेविटी (ह्यूम, 1873)' असं लिहितात. पक्षी तोच. वाघाचंही तसंच: लिनियसने 1758 साली त्याला 'फेलिस' प्रजातीत घातलं होतं, आज तो 'पँथेरा'त आहे, म्हणून 'पँथेरा टायग्रिस (लिनियस, 1758)'.

उपयोग असा, की दोन पुस्तकांत पहिलं नाव वेगळं दिसलं तरी दुसरं नाव, वर्णनकर्ता आणि साल जुळत असेल तर बहुतेक वेळा प्राणी एकच असतो. मराठी नावांवर ही भिस्त ठेवता येत नाही. 'रानपिंगळा' हे नाव कोणी वनपिंगळ्याला लावतं, कोणी जंगली पिंगळ्याला. वहीत मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहायला लागतं ते यासाठी.

मण्यार की कवड्या

सापांच्या पुस्तकांत चित्रांबरोबर ओळख-किल्ली असते. प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय: हे असेल तर पायरी 2 ला जा, ते असेल तर 7 ला. किल्ली वापरताना होणारी मुख्य चूक म्हणजे एक पायरी न दिसल्यामुळे अंदाजाने उडी मारणं. तिथून पुढची सगळी उत्तरं चुकीचीच येतात. पायरीवर अडलात तर दोन्ही वाटांनी जाऊन बघा. एक वाट बहुधा पुढे अशक्य ठिकाणी पोचते.

घरात निघणाऱ्या काळपट, पांढऱ्या पट्ट्यांच्या सापाबाबत पुस्तकं साधारण हे सांगतात. विषारी मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने, मानेपासून काही अंतर सोडून सुरू होणारे आणि शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्या सापाचे पट्टे रुंद, मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. खवल्यांची ओळ याहून पक्की: मण्यारीच्या पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे आणि षट्कोनी, शेपटीखालचे खवले अखंड. कवड्याच्या पाठीवरचे खवले सारखे, शेपटीखालचे जोडीचे. 'मध्यभागी 15 रांगा' किंवा '17 रांगा' हे आकडे अंगाच्या मधोमध, तिरक्या रेषेत एका बाजूच्या पोटखवल्यापासून दुसऱ्या बाजूपर्यंत मोजलेले असतात. त्यात पोटाचा रुंद खवला धरत नाहीत.

हे आकडे मेलेल्या, बरणीतल्या नमुन्यासाठी आहेत. जिवंत सापावर किल्ली लावायला जाऊ नये. मण्यारीच्या पिल्लांना पट्टे थेट मानेपर्यंत असू शकतात, आणि कात टाकण्याआधी कुठल्याही सापाचा रंग फिका पडतो. मण्यारीचा चावा अनेकदा झोपेत होतो. दुखत नाही, सूज येत नाही; पापण्या जड होणं, पोटात दुखणं, गिळायला त्रास ही लक्षणं काही तासांनी उगवतात. तेवढ्या वेळात 'कवड्याच होता' असं कोणी पुस्तक बघून ठरवलं तर उशीर होतो. उपचारासाठी सापाची ओळख पटवणं गरजेचंही नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्रच चालतं. चावलेला भाग न हलवता, न कापता, न आवळता थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात जायचं. पुस्तक नंतर.

जुनी पुस्तकं

ब्रिटिश काळातली शिकारवर्णनं आणि 1880 चं खानदेश गॅझेटियर ही माहितीची खाण आहे, पण तिथले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. वाघाची लांबी मोजायच्या दोन रीती होत्या. नाकाच्या आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर घेणं ही एक. फीत अंगाच्या वळणांवरून फिरवणं ही दुसरी. दुसऱ्या रीतीने तोच वाघ काही इंचांनी वाढतो. रीत लिहिलेली नसेल तर तो आकडा तुलनेला वापरू नये. शिकाऱ्यांनी लिहिलं ते मोठ्या आणि मारता येण्याजोग्या प्राण्यांबद्दल. मुंगूस, साळिंदर, वटवाघळं त्यात क्वचित येतात. त्यांचा उल्लेख नाही म्हणून ते नव्हते, असं होत नाही. गावांची स्पेलिंगं जुनी असतात, 'खानदेश' म्हणजे तेव्हाचा अखंड जिल्हा असतो आणि काही गावं धरणांखाली गेली आहेत. बरीचशी जुनी नियतकालिकं, 'स्ट्रे फेदर्स' धरून, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

पाऊलखुणांच्या पुस्तकांबाबतही मोजमापाचा असाच घोळ. छापलेलं माप प्रौढ प्राण्याच्या, घट्ट ओलसर मातीतल्या ठशाचं असतं. भुसभुशीत धुळीत तोच ठसा पसरून मोठा दिसतो, आणि केळीच्या बागेतल्या चिखलात पाय घसरला तर लांबट. गावात बिबट्याची आवई उठते ती बऱ्याचदा अशाच ठशावरून. माप घेण्याआधी नखं बघावीत: बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्रा, कोल्हा, तरस यांच्या ठशात उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा.

वही आणि पेन्सिल

पुस्तक उघडण्याआधी वहीत लिहावं. एकदा चित्र बघितलं की डोळ्याने न पाहिलेले ठिपकेही आठवू लागतात. तारीख, वेळ, गाव आणि तालुका, ऊन कुठल्या बाजूने, अंतर अंदाजे किती मीटर, पक्षी किती, कशावर बसला होता, काय करत होता. एक वेडंवाकडं चित्र काढून त्यावर बाण करून रंग लिहावेत. जे दिसलं नाही तेही लिहावं: 'पोट दिसलं नाही', 'शेपटी पानाआड'. शाईऐवजी पेन्सिल, कारण जूनमधल्या पहिल्या सरीत शाई पसरते. भोवत्यांच्या माद्या आणि पिल्लं, म्हणजे माळावरून जमिनीलगत तरंगत जाणारे ते तपकिरी शिकारी पक्षी, जाणकारांनाही पुष्कळदा जातीपर्यंत नेता येत नाहीत. तिथे 'भोवत्या, मादी किंवा पिल्लू, जात अनिश्चित' हीच बरोबर नोंद आहे. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची नेमकी जागा वहीत ठेवावी, समाजमाध्यमांवर टाकू नये.

शेवटी कायद्याचा रकाना. बऱ्याच पुस्तकांत प्रत्येक प्राण्यापुढे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ची अनुसूची छापलेली असते. 2022 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, सहाच्या चार अनुसूची झाल्या: पहिली आणि दुसरी प्राण्यांची, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींची. म्हणजे जुन्या पुस्तकातलं 'अनुसूची 4' आणि आजची अनुसूची 4 या सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तक्रारअर्जात जुना आकडा लिहिला तर तो चुकीचा ठरतो. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने नवी अनुसूची आणि साल लिहून ठेवावं. छापील आकडा खोडू नये. जुने अहवाल आणि खटल्यांची कागदपत्रं वाचताना तोच लागतो.